कणसाचा पदर, रुईफुलाचा काठ

मागच्या फेब्रुवारीत भिलारच्या बाजूला एका स्ट्रॉबेरी उत्पादकाच्या प्लॉटवर गेलो होतो. सकाळचे आठ वाजले असतील. मल्चिंगच्या कागदावर लालभडक फळ लोंबत होतं आणि दर चार-पाच फळांआड एकाला चोचीनं भोक पाडलेलं. शेतकरी वैतागला होता. म्हणाला, "साहेब, फवारणीचं ऱ्हाऊ द्या, आधी या बुलबुलाचं काय करायचं ते सांगा. राबायचं आम्ही, आन् लाल तेवढं वेचून खायचं यानं!"

मी नेहमीचंच सांगितलं. जाळी मारा, चमकणाऱ्या रिबिनी बांधा, पिकलं की भल्या सकाळी तोडणी करा. एवढ्यात त्यांची पुण्याला शिकणारी लेक चहा घेऊन आली. तिच्या कुर्त्याकडं सहज लक्ष गेलं आणि मी बघतच राहिलो. निळ्या कापडावर पानांच्या वेली, फुलं, दोन-दोन पाखरं समोरासमोर आणि त्यांच्या चोचीत चक्क स्ट्रॉबेरी! मी म्हटलं, "पाव्हणं, तुमचा चोर तर घरातच निघाला. लेकीच्या अंगावर बसलाय!" सगळे हसले. मुलगी म्हणाली, "छापील आहे, सेलमध्ये घेतला. चित्र आवडलं."

त्या चित्राला मोठा इतिहास आहे. तो सांगता सांगता आमची गाडी आपल्या बायाबापड्यांच्या लुगड्यांवर आली. म्हणून हा लेख. शेतीच्या पानावर कापडाची नक्षी कशाला, असं कुणाला वाटेल. पण ही नक्षी शेतातूनच गेलेली आहे आणि तिचा पैसा मात्र शेताकडं येत नाही. बोलायचं आहे ते याबद्दल.

चोराचं चित्र काढणारा माणूस

इंग्लंडमध्ये विल्यम मॉरिस नावाचा कलावंत होऊन गेला. जन्म १८३४, मृत्यू १८९६. कापडावर, भिंतीच्या कागदावर फुलापानांची नक्षी काढण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. थेम्स नदीच्या काठी केल्मस्कॉट नावाच्या खेड्यात त्याचं घर होतं. परसात स्ट्रॉबेरीचे वाफे होते, वर जाळी होती, तरी पाखरं आत शिरून फळं पळवायची. ही पाखरं म्हणजे आपल्या महाबळेश्वरच्या रानात शीळ घालणाऱ्या कस्तुराची भावकी. माळी चिडायचा, माना मुरगाळतो म्हणायचा. मॉरिसनं मात्र ताकीद दिली होती की बागेतल्या एकाही पाखराला हात लावायचा नाही. स्वतः पहाटे उठून ती चोरी तो बघत बसायचा. त्यातून १८८३ साली त्यानं 'स्ट्रॉबेरी थीफ', म्हणजे स्ट्रॉबेरीचोर, ही नक्षी काढली.

कापड छापण्याची त्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. आधी सगळं कापड निळीत बुडवायचं. मग लाकडी ठशानं रंग उडवणारं द्रव्य लावून हवा तिथला निळा रंग काढून टाकायचा. मोकळ्या झालेल्या जागेत लाल आणि पिवळा भरायचा. एका कापडाला कित्येक दिवस लागायचे. त्यामुळं त्याच्या कंपनीच्या सुती कापडात हे सर्वांत महागांपैकी एक होतं. ते निघालं पडद्यांसाठी, पण आज त्याचे कपडे, पिशव्या, उशीचे अभ्रे सगळं निघतं. हे रंगकाम तो ज्या थॉमस वॉर्डलबरोबर शिकला, त्या वॉर्डलनं पुढं हिंदुस्थानातल्या रंगद्रव्यांचा मोठा अभ्यास केला होता. नीळ तर आपल्याच मातीतली.

आता कुणी म्हणेल, मग आम्हीही बुलबुलाला मोकळं सोडायचं का? तसं मी सांगणार नाही. मॉरिसचं पोट त्या वाफ्यावर नव्हतं, तुमचं आहे. जाळी मारा. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या गोष्टीला आपण रोजची कटकट म्हणतो, तिच्याकडं एकानं नीट बघितलं आणि त्याचं मोल एकशे चाळीस वर्षांनंतरही वसूल होतंय.

आपल्या लुगड्यावरचं शिवार

नीट बघणारे आपल्याकडं नव्हते काय? होते. फक्त त्यांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत.

सातारा-सांगलीच्या बाजारात जुन्या बायांच्या अंगावर अजून इरकली लुगडं दिसतं. ते विणलं जातं कर्नाटकात, बागलकोट जिल्ह्यातल्या इलकल गावी. पण नेसणाऱ्या पिढ्यान् पिढ्या आपल्या. त्याचा लाल पदर बघा. त्यात पांढऱ्या सुताचे टोकदार दाते असतात. आपण त्याला टोपपदर म्हणतो, विणकर 'तोप तेनी' म्हणतात. कानडीत 'तेने' म्हणजे कणीस. म्हणजे आजी डोक्यावर घ्यायची तो पदर जोंधळ्याच्या कणसाचा. त्याच पदरात आणखी नमुने असतात. कुठं फणीचे दाते, कुठं किल्ल्याच्या तटाचे कंगोरे, कुठं डोंगरांची रांग. काठातला एक प्रकार 'गोमी'. बांधावरचा दगड उचलल्यावर सुळकन् पळणारी गोम ज्यानं बघितली आहे, त्याला तो काठ बघून तीच आठवेल.

हा पदर अंगाला जोडायची रीत अवघड आहे. अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा ताणा वेगळा. दोन्हीचे धागे एकमेकांत अडकवून, फासे करून जोडायचे. याला 'कोंडी' म्हणतात. एका लुगड्यासाठी एक ताणा नव्यानं तयार करावा लागतो. यंत्रानं धडाधड काढायचं काम नव्हे हे.

आपल्याकडचा रुईफुली काठ घ्या. पडीक रानात, मारुतीच्या देवळामागं उगवणारी रुई. जनावर तिला तोंड लावत नाही, आपण तण म्हणून उपटतो. तिच्या पाच पाकळ्यांच्या फुलावरून विणकरानं काठ उचलला. नारळी काठ नारळावरून आला. पैठणीचा मोर, मुनिया म्हणजे पोपट, कमळ आणि आसावलीची वेल तर सगळ्यांना माहीत आहेत. पैठण आणि येवल्याचे विणकर छोट्या छोट्या तिल्ल्यांवर रंगीत रेशीम घेऊन, धाग्यात धागा गुंतवत हा मोर हातानं उभा करतात. खऱ्या हातमागाच्या पैठणीचा पदर उलटा करा, मागूनही नक्षी तशीच दिसते.

इरकलीवर धारवाडकडच्या बाया कशिदा भरायच्या. 'कसुती' म्हणतात तिला. तुळशीवृंदावन, मोर, हत्ती, रथ असे नमुने असतात. तिच्या एका टाक्याचं नाव 'मेंथी' आहे, म्हणजे मेथी. फुलीफुलीचा टाका मेथीच्या दाण्यासारखा दिसतो म्हणून ते नाव. नाव ठेवणारी बाई नक्कीच भाजी निवडता निवडता सुई चालवणारी असणार!

रंगांची नावंही तशीच. आजच्या पोरी 'पिंक', 'पर्पल', 'मरून' म्हणतात. जुन्या बायांनी दुकानदाराला काय सांगितलं असतं? डाळिंबी दाखव, आमसुली दाखव, गुलबाक्षी, अबोली, अंजिरी, वांगी, शेवाळी, मोरपिशी, कुसुंबी. एकेका रंगाच्या मागं एकेक झाड, फळ नाही तर पाखरू उभं. कुसुंबी म्हणजे काय, हे मी एका शिबिरात तरुण शेतकऱ्यांना विचारलं. करडई लावणाऱ्यांनाही सांगता आलं नाही. कुसुंबा म्हणजे करडईच! तिच्या पाकळ्यांपासून निघणारा तो रंग.

माझी चूक

रंगाचा विषय निघाला तर एक चूक कबूल केली पाहिजे.

काही वर्षांपूर्वी मिरज तालुक्यातल्या एका बचत गटाच्या महिलांनी मला विचारलं की नैसर्गिक रंगाचं काही करता येईल का. सांगलीची हळद नावाजलेली, २०१८ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं. मी उत्साहात म्हटलं, ओढण्या हळदीनं रंगवा. पहिल्याच दिवशी असा झळझळीत पिवळा आला की बघत राहावं. तालुक्याच्या प्रदर्शनात सगळ्या ओढण्या विकल्या गेल्या. महिनाभरात तक्रारी सुरू झाल्या. उन्हात वाळवल्या त्या पांढरट पडल्या, साबण लागला त्या लालसर झाल्या. बायांनी पदरचे पैसे घालून गिऱ्हाइकांना परत केले. गटाची अध्यक्ष मला एवढंच म्हणाली, "साहेब, बियाणं देताना उगवण तपासता. मग हे का नाही तपासलं?"

उत्तर नव्हतं. पदविकेत मला हळदीचा कंदकुज शिकवला होता, हळदीचा रंग उन्हात टिकत नाही हे नव्हतं शिकवलं. पण न शिकवलेलं विचारून घेणं हे माझंच काम होतं. तेव्हापासून जाणत्यांना विचारत, थोडं थोडं करून बघत शिकलो. ते असं:

हळद आणि कुसुंब्याचा लाल, दोन्ही दिसायला देखणे पण उन्हाला नाजूक. विक्रीच्या मालाला यांच्यावर भरवसा ठेवू नये.

डाळिंबाची साल चांगली. आटपाडी, माण, खटावात खराब डाळिंबाचे ढीग बांधावर कुजतात. त्यांची साल वाळवून, उकळून, गाळून घेतली तर पिवळा-खाकी रंग मिळतो. झेंडूच्या पाकळ्यांचा पिवळाही हळदीपेक्षा बरा टिकतो. दसरा-दिवाळीला भाव पडला की झेंडू रस्त्यावर ओततात, निदान त्यातला थोडा वाळवून ठेवावा. बाभळीच्या सालीचा तपकिरी निघतो.

सुती कापडाला रंग नुसता धरत नाही. आधी खळ जाईपर्यंत कापड धुवायचं. मग हिरड्याच्या पाण्यात भिजवून वाळवायचं. हिरडा आपल्या सह्याद्रीच्या रानातला. त्यानंतर तुरटीचं पाणी. किलोभर कापडाला दीडशे ग्रॅमच्या आसपास तुरटी घ्यावी. मग रंगात घालून मंद आचेवर ठेवायचं. हिरड्यानंतर तुरटीऐवजी गंजकं लोखंड आणि गूळ मुरवलेलं पाणी वापरलं तर काळा येतो. आंध्रातले कलमकारीचे कारागीर काळी रेघ अशीच काढतात. रंगाची भांडी स्वयंपाकाला वापरू नयेत. रंगासाठी मोरचूद किंवा क्रोमची रसायनं घरगुती कामात आणू नयेत आणि उरलेलं पाणी विहिरीच्या आसपास ओतू नये.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे नमुना आधी स्वतः वापरा. एक तुकडा निम्मा झाकून पंधरा दिवस उन्हात ठेवा, दुसरा पाच वेळा धुवा. बियाण्याची उगवण तपासतो तसंच हे.

करडईचं म्हणाल तर फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याच्या करडईवर काम केलं आहे. 'नारी-६' हे त्यांचं बिनकाट्याचं वाण. काटा नसल्यानं पाकळ्या वेचणं सुसह्य होतं. पण पाकळी आधी कोण घेणार हे ठरवा, मग वेचायला माणसं लावा. मागं एकदा हात पोळला आहे, म्हणून हे आवर्जून सांगतो.

धागा आपला, नाव कुणाचं?

सातारा आणि सांगली, दोन्ही जिल्ह्यांत तुती लावून रेशीम कोष काढणारे शेतकरी आहेत. अळी चार वेळा कात टाकते आणि साधारण महिनाभरात कोष विणते. एका चांगल्या कोषातून हजार मीटरच्या आसपास सलग धागा निघतो. आपला शेतकरी कोष घेऊन कुणी कर्नाटकात रामनगरला जातो, कुणी जालन्याच्या बाजारात. पुढं त्या धाग्याचा मोर होतो की काठ होतो, हे त्याला कळत नाही. ज्यानं मोर काढला त्याला हा धागा कुणाच्या शेडमधला ते कळत नाही. आणि जी नेसते तिला दोघंही माहीत नसतात.

पालघरच्या वारली चित्रांचं बघा. मुळात लग्नाचा चौक सवाष्णी भिंतीवर काढायच्या, तांदळाच्या पिठानं. जिव्या सोमा म्हसे यांनी ती कला जगभर नेली. त्यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ साली ते गेले. आज वारलीची माणसं साड्यांवर, कुर्त्यांवर, चहाच्या कपांवर छापलेली दिसतात. छापणाऱ्यांतल्या किती जणांनी वारली पाड्याचं तोंड बघितलं असेल?

असाच एक प्रकार माझ्या कार्यक्षेत्रात घडला. शहरातून एक व्यक्ती आली. गावातल्या म्हाताऱ्या बायांच्या गोधड्यांचे फोटो काढले, ठिगळांची मांडणी उतरवून घेतली, पाच नमुने करून घेतले. "मोठी ऑर्डर देते," म्हणाली. नमुन्याचे पैसे आले नाहीत, ऑर्डरही आली नाही. वर्षानं कुणीतरी मोबाइलवर दाखवलं, तशाच मांडणीचं छापील जाकीट विकायला होतं. ज्या आजीची ती मांडणी, ती हसून म्हणाली, "नेलं तर नेलं, माझ्या हातातलं काय सरलं न्हाई." तिचं मन मोठं. पण तिच्या सुनेनं त्या दिवसापासून गोधडीला सुई लावली नाही. कला बुडते ती अशी.

कायदा काय सांगतो तेही समजून घ्या. भौगोलिक मानांकनाचा कायदा १९९९ चा, अमलात आला २००३ साली. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी, सांगलीची हळद, तशीच इलकलची साडी, पैठणी, वारली चित्रं यांना हे मानांकन आहे. पण ते राखतं नाव. दुसऱ्या भागातला माल त्या नावानं विकता येत नाही. पाखरू, कणीस, फूल काढायला मात्र कुणालाच बंदी नाही आणि नसावीही. डिझाइनची नोंदणी करायचा वेगळा कायदा २००० सालचा आहे, पण ती नव्या नक्षीलाच मिळते. आज्या-पणज्यांची नक्षी कुणी स्वतःच्या नावावर नोंदवू पाहील तर ती नवी नाही असा आक्षेप घेता येतो. त्यासाठी ती जुनी असल्याचा पुरावा मात्र हवा. आपल्याकडं तोच नसतो.

गावानं करण्यासारखं

सरपंच, ग्रामसेवक आणि बचत गटांच्या ताईंना हात जोडून चार गोष्टी सांगतो.

एक, गावात जुनी लुगडी, खण, गोधड्या, दुपटी असतील त्यांची एक वही करा. फोटो, मालकिणीचं नाव, कुणी केलं, साधारण कधी, नक्षीला गावात काय म्हणतात ते लिहा. तारीख घाला, ग्रामपंचायतीचा शिक्का मारा. शाळेच्या पोरांना हे काम दिलं तर सुट्टीत होईल.

दोन, कुणी नमुना मागायला आलं तर तोंडी व्यवहार नको. नमुन्याची मजुरी आधी, ऑर्डरची निम्मी रक्कम उचल, मालावर कारागिराचं आणि गावाचं नाव, आणि फोटो कशाला वापरणार, हे चार मुद्दे एका कागदावर घेऊन सही करा. ग्रामसेवक साक्षीदार राहिले तर समोरचा माणूसही जपून वागतो. यात भांडण नाही. उसाची तोड घालताना आपण उचलीचा हिशेब लिहितोच की.

तीन, रेशीम करायचं असेल तर तुती लागवडीला रोजगार हमी योजनेतून मदत मिळते. जिल्हा रेशीम कार्यालयात जाऊन त्या वर्षीचे नियम विचारून घ्या. शेजाऱ्यानं केलं म्हणून शेड उभं करू नका. पाला, पाणी आणि घरातलं मनुष्यबळ आधी मोजा.

चार, स्वतः घेताना बघून घ्या. रेशमाला 'सिल्क मार्क' आणि हातमागाला 'हँडलूम मार्क' अशा खुणा असतात. छापील माल वाईट नाही, ज्याला जे परवडेल ते घ्यावं. विटा-इचलकरंजीच्या यंत्रमागांवरही आपलीच पोटं भरतात. पण छापील मोराला विणलेल्याचा भाव देऊ नका. आणि लग्नासारख्या प्रसंगाला एखादं तरी हातमागाचं घेता आलं तर घ्या. ७ ऑगस्टला हातमाग दिवस असतो. त्या दिवशी भाषणापेक्षा एक लुगडं खपलं तर विणकराला जास्त आवडेल.

शेवटी घरचं सांगतो. माझ्या आजीची तीन इरकली लुगडी होती. ती गेल्यावर आईनं त्यातली दोन दारावर आलेल्या बोहारणीला दिली आणि स्टीलचं एक पातेलं घेतलं. तेव्हा मी शाळेत होतो, पातेलं नवं आलं म्हणून मलाच आनंद झाला होता. ते पातेलं अजून आहे, बुडाला पोचा आलाय. तिसरं लुगडं विरलं होतं, त्याची वाकळ झाली. परवा हा लेख लिहायच्या आधी ती वाकळ माळ्यावरून काढली. मधोमध पदराचा तुकडा निघाला. लाल रंग विटलेला, पण पांढरे दाते शाबूत. माझी सात वर्षांची पोरगी जवळ येऊन बघत होती. तिला विचारलं, हे काय दिसतंय? ती म्हणाली, "बाबा, कणीस."

तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. विणणाऱ्याला जे सांगायचं होतं ते तिला समजलं. वाकळ उन्हात टाकून झाडून घेतली, आता ती माळ्यावर जाणार नाही. वहीचं पहिलं पान मी तिचंच केलं आहे. दुसरं पान तुमच्या गावातून भरायचं आहे.